मोटारीचें साल आणि मोटारीचें मोल



पुण्याहून नगर रस्त्यानें निघालें आणि शिक्रापुरास डावीकडे वळलें, म्हणजे चाकणचा रस्ता लागतो. चाकणचा गुरांचा बाजार आपल्या जिल्ह्यांत फार दिवसांपासून नांवाजलेला आहे. तेथें बैल घ्यावयास आलेला शेतकरी धन्याला बैलाचें वय विचारीत बसत नाहीं. तो सरळ बैलाचें तोंड उघडून खालचे दांत पाहतो. दुधाचेच दांत असले तर तो आदत. दोन पक्के दांत आले असले तर दुसा. चार आले असले तर चौसा. आणि सगळे दांत जुळले म्हणजे वय सांगण्याचें तें साधन संपलें, पुढें चाल, खांदा आणि खूर पाहावयाचे. मग दोघे रुमालाखालीं हात घालतात आणि बोटें दाबून भाव ठरतो. बैलाला आपलें वय लपवितां येत नाहीं आणि त्याच्या धन्यालाही तें लपवितां येत नाहीं. या एका गोष्टीवर तो सारा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे.

आज त्याच चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे आहेत. आणि नगर रस्त्यावर शिरूरकडे जातांना काय किंवा सोलापूर रस्त्यावर दौंडच्या बाजूला काय, जुन्या मोटारी धुवून पुसून, काचेवर किंमतीचे आंकडे रंगवून, रांगेनें मांडलेल्या दिसतात. तेथें जाणाऱ्या गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कितीचं मॉडेल?" इंजिन कसें आहे, अपघात झाला होता काय, मालक कोण होता, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न सालाचा. आणि त्याचें उत्तर वाटतें तितकें सरळ नसतें, हें मला माझ्याच घरांतल्या एका प्रसंगानें कळून आलें. तो प्रसंग सांगतां सांगतांच आजचा विषय मांडावा असें मीं योजिलें आहे.

माझ्या दोन बहिणी. थोरली अक्का दौंडास दिलेली, धाकटी शिरुरास. अक्काचे यजमान, ज्यांना आम्ही दाजी म्हणतों, ते रेल्वेंत गार्ड होते. चौतीस वर्षें नोकरी करून ते निवृत्त झाले. धाकटीचे यजमान शिरुरास शाळामास्तर. हे दोघे साडू २०१८ सालच्या जानेवारींत एकाच पंधरवड्यांत मोटारी घेते झाले. मोटारीही एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या, रंगही तोच पांढरा. मास्तरांना ती सुमारें साडेसहा लाखांना पडली. दाजींना मात्र विक्रेत्यानें चाळीस हजारांची सूट दिली. दाजींना वाटलें, आपण रोख पैसे मोजले आणि निवृत्त माणूस, म्हणून हा मान दिला. विक्रेत्यानेंही कांहीं वेगळें सांगितलें नाहीं.

सहा वर्षें गेलीं. दाजींना रात्रीं समोरच्या दिव्यांचा त्रास होऊं लागला, म्हणून त्यांनीं मोटार विकावयाची ठरविलें. मास्तरांनाही योगायोगानें त्याच सुमारास मोठी मोटार घ्यावयाची होती. दोघांनींही एकाच व्यापाऱ्याला मोटारी दाखविल्या. मास्तरांची मोटार ५८ हजार किलोमीटर धांवलेली. तिला ३ लाख ६० हजार देऊं केले. दाजींची अवघी ४१ हजार धांवलेली, सीटवरचें कापडसुद्धां नव्यासारखें. तिला ३ लाख ३० हजार. दाजींनीं कारण विचारलें. व्यापारी म्हणाला, "साहेब, त्यांची अठराची आहे, तुमची सतराची."

आतां हें "मॉडेल" म्हणजे काय, तें अगोदर पाहूं. आपण हा एक शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतों आणि मग घोटाळा होतो. एक साल कारखान्याचें: मोटार ज्या महिन्यांत बांधून बाहेर पडली तें. दुसरें साल नोंदणीचें, ज्याला आपल्याकडे बाजारांत "पासिंग" म्हणतात. शिरूरच्या मोटारीला पुण्याचें म्हणजे १२ नंबरचें पासिंग आणि दौंडच्या मोटारीला बारामतीचें म्हणजे ४२ नंबरचें, हें आपल्यांतील पुष्कळांना ठाऊक असेल. आणि तिसरें साल म्हणजे मोटारीच्या घाटाचें: दिवे बदलले, तोंडवळा बदलला, आंत नवीं साधनें आलीं, तर तें "नवें मॉडेल". हीं तिन्हीं सालें एकच असतील असें नाहीं. दाजींची मोटार २०१७ च्या नोव्हेंबरांत बांधलेली, २०१८ च्या जानेवारींत नोंदलेली. आर. सी. पुस्तकावर दोन्ही तारखा छापलेल्या असतात. दाजींनीं त्यांतली नोंदणीची तेवढी वाचली होती. दुसरी वाचावयाची असते हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें.

मोटारीलाही बैलासारखे दांत असतात, मात्र ते कोठें पाहावयाचे तें माहीत पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें कारखानदारानें उत्पादनाचा महिना आणि साल मोटारीवर कोरून ठेवावें लागतें. चासीच्या सतरा अक्षरांच्या क्रमांकांतही साल सांगणारें एक अक्षर असतें. २०१० सालाला ए, २०११ ला बी, असें करीत २०१७ ला एच् आणि २०१८ ला जे. मधलें आय् हें अक्षर एक या आंकड्यासारखें दिसतें म्हणून गाळलेलें आहे. अमेरिकेंत हें अक्षर दहाव्या जागीं असतें. आपल्याकडे त्याची जागा कारखान्यापरत्वें बदलते. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. मोटारीवर अजून मूळचेच टायर असले तर ४२१७ हा आंकडा सांगतो कीं, हें रबर २०१७ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यांतलें आहे. सीटच्या पट्ट्याच्या मुळाशीं शिवलेली चिंधीसुद्धां पुष्कळदां साक्ष देते. विकणाऱ्याच्या जिभेपेक्षां ही चिंधी अधिक प्रामाणिक असते, असें एका जुन्या मिस्त्रीनें मला सांगितलें आहे.

मोटारीला साल चिकटविण्याची ही पद्धत मुळापासूनची नाहीं. हेन्री फोर्डनें १९०८ पासून १९२७ पर्यंत "मॉडेल टी" ही एकच मोटार केली. दीड कोटीहून अधिक केल्या, आणि त्यांतली पुष्कळ वर्षें तर त्या फक्त काळ्या रंगांत. फोर्डचा विचार शेतकऱ्याचा होता: नांगर चांगला निघाला तर त्याचा घाट दर वर्षीं कां बदलावा? जनरल मोटर्स या त्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनीं मात्र दुसरी गोष्ट हेरली. १९२० नंतर अमेरिकेंत ज्यांना मोटार परवडत होती त्यांतील बहुतेकांकडे ती आली होती. त्यांच्याजवळची मोटार चालत होती, आणि ती चालत असतांना त्यांनीं दुसरी कां घ्यावी? तेव्हां त्यांची मोटार बिघडली नसली तरी ती जुनी दिसूं लागली पाहिजे. दर वर्षीं नवा घाट काढावा, जुनी मोटार किंमतींत वळती करून घ्यावी, उरलेले पैसे हप्त्यानें घ्यावे. स्लोन यांनीं पुढें आपल्या आत्मवृत्तांत हें सर्व मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. १९२७ सालीं कंपनींत मोटारींच्या रूपाकडे आणि रंगाकडे पाहणारें एक स्वतंत्र खातेंच निघालें. त्याच वर्षीं फोर्डला आपली आवडती मोटार बंद करावी लागली. तेव्हांपासून मोटारीचें साल ही पंचांगांतली गोष्ट राहिली नाहीं; ती विकावयाची वस्तु झाली. अमेरिकेंत तर पुढच्या सालचें मॉडेल आदल्या वर्षाच्या शरदांतच दुकानांत येतें.

आपल्या देशांत मात्र कित्येक वर्षें याच्या अगदीं उलट स्थिति होती. अँबॅसेडर ही मोटार १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत जवळजवळ त्याच घाटांत निघाली. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तीही तशीच. शिवाय मोटारी थोड्या आणि मागणी फार. सरकारनें मोटारींच्या विक्रीवर नियंत्रण घातलेलें. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावयाची. अशा वेळीं जुन्या मोटारीच्या सालाला कोण विचारतो? जी मोटार आज मिळते ती, उद्यां मिळेल न मिळेल अशा नव्या मोटारीपेक्षां महाग. आमच्या पुण्यांत तर हें स्कूटरच्या बाबतींत घरोघर अनुभवास आलें आहे. आकुर्डीच्या बजाजची स्कूटर ज्याच्या नांवावर निघाली तो ती दुसऱ्या दिवशीं अधिक किंमतीला विकूं शकत असे. १९८३ सालच्या १४ डिसेंबरला पहिली मारुती गिऱ्हाईकाच्या हातीं पडली आणि मग हळूहळू हा काळ मागें पडला. दुकानांत मोटार हजर आहे आणि विक्रेता दारांत उभा आहे, अशी स्थिति आल्यावरच आपल्याकडे साल बोलूं लागलें.

हें मी मुद्दाम सांगतों, कारण साल हें मोटारीच्या पोलादांत नसतें. तें बाजारांत असतें. नव्या मोटारींची टंचाई झाली कीं सालाचा अंमल सैल होतो. २०२१ सालीं इलेक्ट्रॉनिक चकत्यांच्या तुटवड्यानें कारखाने अडले, तेव्हां अमेरिकेंत त्या जूनमध्यें जुन्या मोटारींचे भाव वर्षापूर्वींच्या मानानें ४५ टक्क्यांनीं चढलेले होते. उलट २०२५ सालच्या २२ सप्टेंबरपासून आपल्याकडे लहान मोटारींवरचा जी. एस. टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि नवी मोटार स्वस्त होतांच तिच्या सावलींतली जुनी आपोआप खालीं आली. ज्यानें ऑगस्टमध्यें विकली तो शहाणा ठरला आणि ज्यानें दसऱ्याची वाट पाहिली तो चुकला, असें म्हणतात. वास्तविक दोघांनाही आधीं कांहीं कळलें नव्हतें.

आतां पैशाचा हिशेब करूं. आपल्याकडे विमा कंपन्यांनीं मोटारीचा घसारा मोजण्याची एक जुनी सारणी आहे. पहिल्या सहा महिन्यांत नव्या किंमतीच्या ५ टक्के वजा, वर्ष भरेपर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पांचपर्यंत ५०. पांच वर्षांपुढें कंपनीनें आणि मालकानें आपसांत ठरवावें. बाजार या सारणीला बांधलेला नाहीं, परंतु दोघांची चाल साधारण एकच असते. मोटारीची किंमत पाण्यासारखी संथ उतरत नाहीं. ती पायऱ्यांनीं उतरते. गिऱ्हाईक महिने मोजीत नाहीं, सालें मोजतें. ३१ डिसेंबरची मोटार आणि १ जानेवारीची मोटार यांत एका रात्रीचें अंतर, परंतु बाजाराच्या हिशेबीं एक वर्ष. २०१२ सालीं तीन अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या दोन कोटींहून अधिक लिलावांचे आंकडे तपासले, तेव्हां त्यांना मैलांच्या बाबतींतही असेंच दिसलें: दर दहा हजार मैलांचा आंकडा ओलांडतांच भाव एकदम खालीं पडतो. डाव्या बाजूचा आंकडा बदलला कीं माणसाचें मन बदलतें. आपल्याकडे ९९९ रुपयांच्या पातळाला जी युक्ति लावतात तीच ही.

म्हणूनच जानेवारींत दुकानांत उरलेली डिसेंबरची मोटार सुटीनें देतात. ती सूट म्हणजे विक्रेत्याचें औदार्य नव्हे. पुढें विकतांना बसणारा फटका त्यानें आगाऊ, आणि बहुधा थोडा कमी, मोजून दिलेला असतो. घ्यावी कीं घेऊं नये? याचें उत्तर आपण मोटार किती वर्षें ठेवणार यावर आहे. साडेसहा लाखांच्या मोटारींत एक पायरी १० टक्क्यांची धरली तर ती ६५ हजारांची झाली. दोनतीन वर्षांत मोटार बदलण्याची हौस असेल तर चाळीस हजारांच्या सुटीवर ६५ हजारांचा खड्डा, हा व्यवहार आंतबट्ट्याचा. परंतु पायऱ्या पुढें लहान होत जातात. सहाव्या वर्षीं दाजींना सालानें बसलेला फटका तीस हजारांचा होता, आणि चाळीस हजार त्यांनीं सहा वर्षांपूर्वींच खिशांत घातले होते. ते चाळीस हजार सात टक्क्यांच्या ठेवींत असते तर सुमारें साठ हजार झाले असते. दहाबारा वर्षांच्या मोटारीला तर सालाचें फारसें राहतच नाहीं. तेथें बैलाचे दांत जुळले, पुढें चाल आणि खांदा पाहावयाचा. मीं हें सारें कागदावर मांडून दाजींना दाखविलें. ते म्हणाले, "हिशेब बरोबर आहे." आणि त्यांनीं कागद बाजूला ठेविला. त्यांना जें लागलें होतें तें हिशेबांत नव्हतें. त्याकडे मी शेवटीं येतों.

कायदा सालाकडे कसा पाहतो, तेंही थोडें सांगितलें पाहिजे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि हीं पंधरा वर्षें नोंदणीपासून मोजतात, कारखान्यापासून नव्हे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें दोघां साडूंच्या मोटारी समवयस्क होत्या. एकीला धाकटी आणि दुसरीला थोरली ठरविलें तें बाजारानें. परंतु दुसऱ्या कांहीं तारखा अशा आहेत कीं त्यांच्या अलीकडची मोटार आणि पलीकडची मोटार यांत खरोखरच भेद असतो. २०२० सालच्या १ एप्रिलपासून भारत स्टेज सहा हा प्रदूषणाचा नियम देशभर आला आणि त्याआधींच्या जातीची नवी मोटार विकण्यास व नोंदण्यास बंदी झाली. २०१९ सालच्या जुलैपासून चालकापुढें हवेची पिशवी सक्तीची झाली. शेजारच्या माणसापुढेंही ती असावी हा नियम जुन्या चालीच्या मोटारींना २०२१ च्या अखेरीस लागला. दिल्लीच्या आसपास २०१५ सालीं हरित लवादानें दहा वर्षांपुढच्या डिझेल मोटारींना मज्जाव केला; त्या निर्णयांत पुढें फेरफार झाले, पण तेवढ्यांत तिकडच्या कितीतरी मोटारी पडत्या भावानें दुसऱ्या प्रांतांत गेल्या. तेव्हां जुनी मोटार घेतांना साल विचारणें हें निवळ वेड नाहीं. वीस हजार वांचविण्यासाठीं बायकोच्या पुढ्यांतली पिशवी गमावणारा गृहस्थ मीं पाहिला आहे. त्याला साल ठाऊक होतें, परंतु त्या सालाच्या पोटांत काय आहे हें त्यानें विचारलें नव्हतें.

साल एवढेंच मात्र किंमत ठरवीत नाहीं, आणि याचें उत्तम उदाहरण शिरूर तालुक्यांतलेंच आहे. रांजणगांवचा कारखाना फियाट आणि टाटा यांचा भागीदारीचा. २००९ सालीं तेथून लिनिया आणि पुंटो या मोटारी निघाल्या. चालविणारे आजही त्यांच्या दणकट बांध्याची तारीफ करतात. त्यांतलें १.३ लिटरचें डिझेल इंजिन आणि मारुतीच्या डिझेल स्विफ्टमधलें इंजिन मुळांत एकाच वंशाचें. मारुतीनें तर २०१२ सालीं रांजणगांवाहून इंजिनें घेण्याचा करारही केला होता. परंतु फियाटचा खप बेताचा राहिला आणि २०२० चे नियम येण्याच्या सुमारास त्या नांवाच्या मोटारी आपल्याकडे बंद झाल्या. झालें! एकाच सालच्या, एकाच काळजाच्या दोन मोटारी, आणि जुन्या बाजारांत स्विफ्टला गिऱ्हाईक मिळत राहिलें, पुंटोच्या मालकाला मात्र "सामान कुठं मिळणार?" हा प्रश्न ऐकावा लागला. कारखाना चालू आहे; तेथून टाटांची नेक्सॉन निघते, जीप कंपास निघते. पण जी पाटी उतरली तिची किंमतही उतरली. तिकडे तळेगांवास जनरल मोटर्सचा कारखाना होता. २०१७ च्या अखेरीस त्यांनीं शेव्हरोले मोटारींची या देशांतली विक्री थांबविली आणि पुढें तो कारखाना ह्युंदाईनें घेतला. ज्या कंपनीनें जगाला दर सालचें नवें मॉडेल शिकविलें, तिच्याच मोटारी आपल्या जिल्ह्यांत सालाच्या हिशेबाला न जुमानतां स्वस्त झाल्या. विकणारेच निघून गेले होते. उलट गांवांत बोलेरोकडे पाहा. तिचा चौकोनी घाट २००० सालापासून फारसा बदललेला नाहीं, कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री ती उघडूं जाणतो, आणि म्हणून उसाची पट्टी हातीं आल्यावर दौंडचा बागाईतदार जुनी बोलेरो घेतांना सालापेक्षां पाटे आणि गिअर अधिक निरखून पाहतो. याच्याही पलीकडे गेलें तर साल उलटें फिरतें: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेल्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीला २०२१ च्या नियमांनीं ऐतिहासिक मोटार म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पण तेथवर टिकणाऱ्या मोटारी किती आणि माणसें किती!

गिऱ्हाईक सालाला इतकें कां चिकटून राहतें, याचा विचार जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका छोट्याशा निबंधांत केला आहे. त्यानें उदाहरण घेतलें तें जुन्या मोटारींचेंच. विकणाऱ्याला मोटारीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा चांगल्या मोटारीलाही मधलाच भाव देतो. त्या भावानें चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाहीं. वाईट मोटारीचा आनंदानें होतो. असें होत होत बाजारांत वाईट मोटारीच उरतात आणि घेणाऱ्याचा संशय आणखी बळावतो. या विचाराबद्दल २००१ सालीं त्याला दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. दाजींची ४१ हजार किलोमीटरची मोटार हें त्याचेंच उदाहरण होतें. ते ती किती जपून चालवीत, दर रविवारीं तेल कसें पाहत, हें त्यांना ठाऊक आणि अक्काला ठाऊक. व्यापाऱ्याला त्यांतलें कांहीं दिसत नव्हतें. मीटर मागें घेतां येतें, रंग नवा देतां येतो, कंपनीच्या नोंदी अपुऱ्या असूं शकतात. डोळ्यांना दिसणारी आणि सहसा न बदलणारी खूण एकच, कोरलेलें साल. म्हणून साऱ्या संशयाचा भार त्या सालावर पडतो, आणि तें आपल्या वजनापेक्षां जास्त किंमत खातें. २०२३ सालच्या १ एप्रिलपासून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांनीं अधिकारपत्र घ्यावें, विकावयास घेतलेल्या मोटारीची खबर परिवहन खात्याला द्यावी, असे नियम झाले आहेत. ते पाळले गेले तर हा संशय थोडा निवळेल. पण रुमालाखालचा हात इतक्या लवकर उघडा पडत नाहीं.

आतां दाजींची गोष्ट पुरी करतों. व्यापाऱ्याकडे जाण्याच्या आठ दिवस आधीं कुरकुंभच्या कारखान्यांत काम करणारा एक तरुण त्यांची मोटार पाहून गेला होता. पहिलीच मोटार घेणार होता, आईला दवाखान्यांत नेण्याआणण्यासाठीं. दाजींनीं त्याला विश्वासानें सांगितलें होतें, "अठराचं मॉडेल आहे, मीच नवी घेतलेली." तरुणानें आर. सी. पुस्तकाचा फोटो काढून नेला. दुसऱ्या दिवशीं त्याचा निरोप आला: "काका, गाडी सतराची आहे. राहू द्या." रागाचा शब्द नाहीं, घासाघीस नाहीं. दाजींना वाटलें, पोराची चूक झाली असेल. व्यापाऱ्यानें तेंच सांगितलें तेव्हां ते मुकाट्यानें घरीं आले, भिंग घेऊन दाराच्या खांबावरची पाटी पाहिली, आणि मग दिवसभर जेवले नाहींत, असें अक्कानें मला कळविलें. चौतीस वर्षें ज्या माणसानें मिनिटामिनिटाची नोंद केली, त्याला एका परक्या पोरानें लबाड समजावें! मीं मांडलेला चाळीस हजारांचा हिशेब त्यांनीं बाजूला ठेविला तो यासाठीं. ज्या विक्रेत्यानें सूट देतांना तिचें कारण सांगितलें नाहीं, त्यानें दाजींचे पैसे बुडविले नव्हते. पण त्यानें गिळलेलें वाक्य सहा वर्षांनीं दाजींच्या तोंडून खोटें म्हणून बाहेर पडलें.

तिसऱ्या दिवशीं दाजींनीं एका पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलें: "बनावट नोव्हेंबर २०१७. पासिंग जानेवारी २०१८. एकच मालक. ४१ हजार कि. मी. पुढचा डावा दरवाजा एकदां रंगविलेला. बोजा नाहीं." तो पुठ्ठा काचेच्या आंत लावला आणि त्याचाच फोटो कुरकुंभच्या त्या तरुणाला पाठविला, खालीं फक्त एवढेंच लिहिलें कीं, परवां माझ्याकडून चुकीचें सांगितलें गेलें. डाव्या दरवाजाची गोष्ट त्याला कोणीच विचारली नव्हती. रविवारीं तो मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीनें खालीं वाकून पाहिलें, इंजिन चालू करून कान दिला, टायरवरचे आंकडे वाचले. मोटार ३ लाख ४० हजारांना ठरली. व्यापाऱ्यापेक्षां दहा हजार अधिक. दोघांनीं २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सह्या केल्या, अक्कानें चहा केला, आणि तरुण मोटार घेऊन पाटसच्या रस्त्यानें निघाला. दाजींनीं आपली जुनी वही काढून त्यांत तारीख लिहिली आणि पुढें वेळ लिहिली: ११ वाजून १० मिनिटें.